पुलाची बैठक

भूकंप झाला तेव्हा मी बुलडाण्याच्या शाळेत बाष्पीभवन शिकवत होतो. आधी काचकपाटातले चंबू किणकिणले, मग कपाटच थरथरायला लागलं. पोरं दाराकडे पळाली आणि उंबऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडली. मी जागचा हललो नाही. त्यात धैर्य-बिर्य काही नव्हतं. भिंतीवर टांगलेला हिंदुस्थानचा नकाशा झुलत होता आणि तो कोणत्या दिशेनं झुलतोय हे मला पाहायचं होतं. हादरा थांबल्यावर लक्षात आलं की भिंतीवरचा नकाशा भिंतीच्या कडेकडेनंच झुलणार, त्यावरून दिशा कशी कळायची? आपण एवढंही ओळखलं नाही याचं मला त्या क्षणी भूकंपापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मग मला नादच लागला. धक्का आला कुठून? घरी गेलो तर बायको म्हणाली, रांजणातलं पाणी दाराकडे सांडलं. समोरच्या शिंप्याकडची कात्री उलट बाजूला पडली होती. देऊळघाटला वडिलांकडे गेलो, तर वडील म्हणाले, "विहिरीतली दरड पडली, ते पाह्य आधी. दिशा पाहून काय करतं?" भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत होतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत होतं. मास्तरच्या डोक्यावर धक्क्याचा परिणाम झाला, असं गावात बोललं जातंय हे मला बायकोकडूनच कळलं.

त्याच नादात एका रविवारी सकाळी सायकलनं घाट उतरून मी मलकापूरच्या वाटेवरच्या पुलापर्यंत गेलो. नदी लहान, पण पावसाळ्यात अवखळ. दगडी खांबांवर लोखंडी गर्डर टाकलेला तो पूल जिल्हा कौन्सिलचा होता आणि त्यावर टोल होता. टोलवसुलीचा ठेका दरवर्षी हर्रास, म्हणजे लिलाव, होऊन दिला जाई. आधी ज्या गृहस्थाकडे ठेका होता तो वारला, तेव्हा पुढच्या हर्रासाला त्याची बायको येऊन उभी राहिली आणि बोली बोलली. जिल्ह्यात तोवर असं कोणी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून नाक्यावर बाज टाकून ती स्वतः बसे. सारे तिला नाकेवाल्या बाई म्हणत. आडवा बांबू उचलायला एक गडी होता, पण बांबू उचलायचा की नाही हे बाई ठरवत.

मी त्यांनाही दिशा विचारली.

"दिशा-बिशा मले नाई माहीत, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी पूल बोलला."

"बोलला म्हणजे?"

"लोखंड दगडावर घासलं का कसा आवाज येते? तसा. पुलावर बैलबंडी नव्हती, माणूस नव्हतं. रिकामा पूल बोलला."

मी सायकल टाकून पुलाखाली उतरलो. बाईही पदर खोचून मागोमाग आल्या. पहिल्या खांबाच्या माथ्यावर गर्डरचं टोक टेकलेलं होतं, आणि टेकलं होतं त्या जागेला लागून लोखंडाची एक पट्टी लख्ख दिसत होती. बाकी सगळा काळा रंग, ही पट्टी मात्र कोरी. म्हणजे गर्डर सरकला होता! मला भीती वाटली कमी आणि आनंद झाला जास्त. मग मी पाहिलं की एवढा अजस्र गर्डर खांबावर जेमतेम वीतभर टेकलेला आहे. त्या वीतभर जागेला ओव्हरसियर लोक बैठक म्हणतात, हे मला नंतर कळलं. आणखी दोन-चार धक्के आले तर बैठक संपेल आणि गर्डर सरळ नदीत.

"काऊन हो मास्तर, असे पांढरे काऊन पडले?" बाईंनी विचारलं.

मी त्यांना बैठक दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि त्या वर नाक्यावर गेल्या.

मी कौन्सिलच्या अध्यक्षांच्या घरी गेलो. ते म्हातारे वकील होते, ऐकून घेणारे. म्हणाले, "मास्तर, हे सभेत सांगा. सरकारकडून अनुदान मागायचं तर सभासदांचा होकार पाहिजे."

सभेत मी टेबलावर दोन विटा उभ्या केल्या, त्यांवर लाकडी पट्टी ठेवली आणि टेबल हलवलं. पट्टी धाडकन खाली पडली. सभासद हसले, मग वाकून पाहू लागले. मला वाटलं, जिंकलं.

मलकापूरचे एक शेठ सभासद होते, त्यांची कापसातली सरकी काढायची जिन होती. ते म्हणाले, "पूल टोल खातो ना? मग टोलाच्या पैशातून करा. सरकारपुढे हात कशाला पसरायचा?"

अध्यक्षांनी सांगितलं की टोलाचा पैसा जिल्ह्याच्या साऱ्या रस्त्यांच्या खडी-गिट्टीला जातो, तो उरत नाही.

एक पाटील उठले. "आमी नाक्यावर देतो. शेतसाऱ्यावर पट्टी देतो. आता भूकंपाचीबी पट्टी द्याची का? सरकारचं अनुदान म्हंजे तरी कोणाचा पैसा? आमचाच."

हा प्रश्न मला सभेत बसल्या बसल्या फार आवडला. जो पूल ओलांडायला माणूस आधीच पैसे मोजतो, त्याच्यासाठी पुन्हा साऱ्या मुलखानं का द्यावं? आणि देऊळघाटचा जो माणूस जन्मात कधी मलकापूरला गेला नाही, त्यानं का द्यावं? मी उत्तर शोधतच होतो, तेवढ्यात शेठनी मला विचारलं, "मास्तर, दुसरा भूकंप कधी होणार?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नाही."

"झालं तर मग," शेठ म्हणाले, आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

मी घाट उतरून बाईंना हे सांगायला गेलो. तसं सांगायचं काही कारण नव्हतं, पण आम्ही दोघांनी ती बैठक एकत्र पाहिली होती. त्यांनी ऐकून घेतलं, गड्याला पाणी आणायला सांगितलं आणि माझी पाठवणी केली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुलावर एका वेळी एकच बंडी सोडायला सुरुवात केली.

कापसाचा ऐन हंगाम होता. घाटाखालच्या गावांतून कापसानं लादलेल्या बंड्या मलकापूरच्या जिनांकडे निघाल्या होत्या. पुलाच्या अलीकडे रांग लागली, ती पार वळणापलीकडे गेली. गाडीवाले रस्त्याच्या कडेला चुली मांडून भाकरी भाजायला लागले. "पुढं हो ना बे!" असं मागचा ओरडे, आणि पुढचा म्हणे, "कसा होऊ बे? बाई सोडून नाई राह्यली." बाई बाजेवर बसून एकेका बंडीकडे पाहत. पुढची बंडी पलीकडच्या काठाला लागल्याशिवाय बांबू उठत नसे.

मी गेलो तेव्हा रांगेतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागला.

"बाई, भूकंपापुढे पुलावर गाडी एक आहे की दहा, यानं फारसा फरक पडत नाही," मी म्हणालो. "पूल पडायचा तर रिकामाही पडेल."

"हाव? तुमाले कसं माहीत? सभेत त काहीच माहीत नाई म्हणत होते."

मी ओशाळून हसलो. त्या हसल्या नाहीत.

"पूल पडला त एक बंडी पडंन," त्या म्हणाल्या. "दहा नाई पडाच्या. एवढं मले समजते."

मी सायकल वळवली आणि रांगेतून परत निघालो.

दिवसामागून दिवस रांग वाढत गेली. नाक्यावर बसून माणसांच्या शिव्या खाणं सोपं नव्हतं. बाईंचं वजन उतरल्यासारखं दिसायला लागलं. बंड्या कमी सुटत होत्या, तसा त्यांचा गल्लाही आटला होता, तरी बांबू एका वेळी एकाच बंडीला उठत होता. तिकडे जिनांना कापूस पुरेना. शेवटी शेठ स्वतः मोटारीनं आले. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला. बाईंनी गड्याला सांगितलं, "त्याइले सांग, पुढची बंडी पार होऊ दे." शेठ मोटारीतून उतरले आणि पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. मी तिथेच होतो. लादलेली बंडी पुलावरून जाते तेव्हा गर्डर कसा बारीक कण्हतो, हे त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मोटारीच्या आवाजात ते कधी ऐकू आलं नसणार.

पुढच्या सभेत ठराव मंजूर झाला आणि शेठ, अध्यक्ष दोघेही नागपूरला सरकारकडे गेले. अनुदान मंजूर झालं: काही सरकारचं, काही कौन्सिलचं. पण एक अट होती. सार्वजनिक पैशातून काम होणार, तेव्हा काम संपल्यावर त्या पुलावर टोल घ्यायचा नाही. पाटलांच्या प्रश्नाचं उत्तर नागपूरनं असं दिलं होतं.

बाईंना हे सांगायला अध्यक्ष स्वतः गेले. मी त्यांच्याबरोबर होतो. पुढची बंडी पार झाली तशी त्यांनी गड्याला बांबू उचलायला खुणावलं. मग म्हणाल्या, "बरं. काम कधी लागणार?"

नागपूरहून इंजिनिअर आले. डोक्यावर सोला हॅट, बोलणं मऊ. मी त्यांना ती कोरी पट्टी दाखवली. माझा तो शोध होता, त्यामुळे जरा ऐटीतच दाखवली. त्यांनी पाहिली, पेन्सिलीनं गर्डरच्या कडेशी दगडावर एक रेघ मारली आणि म्हणाले, "मास्तर, दुपारी ऊन तापल्यावर ही रेघ बघा."

दुपारी गेलो तर गर्डरच्या कडेनं रेघ गिळली होती. लोखंड उन्हानं वाढलं होतं.

"रोज सकाळी आखडतो, रोज दुपारी पसरतो," इंजिनिअर म्हणाले. "तुमची पट्टी भूकंपाची नाही, उन्हाची आहे."

मी कान धरून उभा राहिलो, म्हणजे मनातल्या मनात. वर्गात उष्णतेनं धातू प्रसरण पावतात हे मीच शिकवत होतो, आणि एवढा मोठा प्रयोग रोज डोळ्यांसमोर चालला असताना मला दिसला नव्हता! लाज वाटली, पण गंमत अशी की आनंदही तेवढाच झाला. रोज सकाळ-दुपार हा पूल अंग आखडतो आणि पसरतो, हे कळल्यावर तो मला वेगळाच दिसू लागला. मग एकदम ध्यानात आलं, माझ्या चुकीवर सारं अनुदान उभं राहिलं होतं.

"मग हे काम वायाच?" मी विचारलं.

"थांबा," ते म्हणाले आणि बाईंकडे वळले. पूल बोलल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. "आवाज कुठल्या बाजूनं आला होता?"

"मलकापूरच्या अंगानं," बाई म्हणाल्या.

त्या टोकाच्या खांबावर शिडी लावून इंजिनिअर चढले. बोटांनी दगड चाचपत गेले. मग मला वर बोलावलं. गर्डरखालचा दगड आरपार चिरला होता. चिरेच्या कडा अजून पांढऱ्या होत्या, बाकीच्या दगडासारख्या काळ्या पडल्या नव्हत्या. मी त्या बाजूला कधी चढलोच नव्हतो. माझी पट्टी मला एवढी पुरेशी वाटली होती.

काम उन्हाळाभर चाललं. जॅक लावून गर्डर उचलले, दगड बदलला, बैठका रुंद केल्या आणि गर्डरांची टोकं लोखंडी सळ्यांनी एकमेकांना बांधली. बाई रोज खाली येऊन पाहत. एकदा त्यांनी इंजिनिअरना विचारलं, "आता बांधला, म्हंजे हालणार नाई?"

"हलेल," ते म्हणाले. "हलायला जागा ठेवली आहे. सुटायला नाही ठेवली."

काम पुरं झालं त्या दिवशी बाईंनी बाज आणि बांबू एका बंडीवर टाकले आणि त्या दुसरबीडला भावाकडे निघून गेल्या. पुढे कित्येक दिवस गाडीवाले सांगत की नाक्याच्या जागी बैल आपोआप थांबतात, हाकलल्याशिवाय पुढे जात नाहीत.

काही वर्षांनी एका लग्नाला जाताना माझी मोटार-सर्व्हिसची गाडी दुसरबीडला थांबली. रस्त्याच्या कडेला चहाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बाई. त्यांनी मला लगेच ओळखलं. मनात बरेच दिवस असलेलं मी विचारून टाकलं, "बाई, तेव्हा एकेक बंडी सोडत होतात, ते शेठना अडवायला, की खरंच भीती वाटत होती?"

"दोनीही," त्या म्हणाल्या. "पण पह्यले भीती." कपबशी माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "आता माह्या प्रश्नाचं सांगा. धरती हालते काऊन, ते समजलं का तुमाले?"

मधल्या काळात मी जे मिळेल ते वाचलं होतं. मी बाकावर बसलो. जमिनीच्या पोटात खडकांवर ताण कसा साठत जातो, काठी वाकवत नेली की एका क्षणी कशी मोडते, मोडताना हाताला झिणझिण्या कशा येतात, ते सांगू लागलो. बाईंनी चुलीपाशी पडलेली एक काटकी उचलली, दोन्ही हातांनी वाकवली आणि मोडली. मग दुसरी उचलली. "पण कुठी मोडंन हे आधी समजते का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते अजून नाही. त्यांनी तिसरी उचलली. गिऱ्हाइकं खोळंबली, कोणीतरी चहासाठी हाक मारली. बाहेर मोटारीचा भोंगा दोनदा वाजला आणि ती माझ्याशिवाय निघून गेली.