चौदावी मागणी

"ही बाई इथे बसली, मग झाडू कोण मारतंय?" मोठे साहेब म्हणाले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. माझ्या शेजारी आमच्या युनियनचे सरचिटणीस होते. तेच सगळ्यात जोरात हसले.

मी हसले नाही. बोलायचं नाही, असं बजावूनच मला आत आणलं होतं.

अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत मी सफाईचं काम करते. आम्ही सात बायका होतो. मी मानखुर्दहून यायची. घरची साडी सोडून कामाची नेसायची, संध्याकाळी परत बदलायची. कुठे? जिन्याखाली. दोघींनी जुनं लुगडं धरायचं, तिसरीनं बदलायचं. कारकून मुद्दाम पायऱ्यांवर रेंगाळायचे. एकदा शेवंताबाई लुगड्याआड असताना वरून कुणीतरी शिट्टी मारली. नातवंडं असलेली बाई ती. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

म्हणून युनियनच्या मागणीपत्रात आमचीही मागणी घातली. कडी असलेली एक खोली, आत एक नळ. चौदावी मागणी. सायक्लोस्टाईलचा तो कागद मी वस्तीतल्या विहारात सगळ्यांना वाचून दाखवला होता. किती खूश होते मी!

मग संप झाला. कारकून बसले, फायली पडून राहिल्या. साहेब पेपर वाचत बसायचे. आम्ही झाडू खाली ठेवला तेव्हा तिसऱ्या दिवशी संडास तुंबले. वास साहेबांच्या केबिनपर्यंत गेला आणि लगेच वाटाघाटींचं बोलावणं आलं. सरचिटणीस गेटवर माईकवरून म्हणाले, "आमच्या सफाईवाल्या ताईंनी सरकारला नमवलं!"

आणि आता आत, साहेब म्हणत होते, "यादी फार लांब आहे. तुम्हीपण काहीतरी सोडा."

सरचिटणीसांनी लाल पेन काढलं. "चौदा नंबर सोडला, साहेब. आमच्या मनाचा मोठेपणा समजा."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! त्या बदल्यात कारकुनांच्या बढत्या मान्य झाल्या. चहा आला.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. "भाऊ, आमची खोली?"

"अगं, चौदा नंबर सोडण्यासाठीच घातला होता. बोलणी अशीच करतात. सोडायला काहीतरी लागतं ना!"

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. शेवंताबाईची लाज त्यांनी यादीत घातली होती ती टाकून द्यायला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

परत आत गेलो. करारावर प्रत्येक विभागाच्या माणसाची सही लागत होती. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी सातवी शिकलेली आहे. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आम्ही कुठेच नव्हतो. पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"माझी सही नाही."

"तुझ्या सहीवाचून काय अडतंय गं?"

खरंच नाही अडलं. माझ्या जागी बागेतल्या माळ्याची सही घेतली. अंगणात ढोल वाजले, गुलाल उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुलाल मीच झाडला.

खोली झाली नाही. शेवंताबाई जिन्याखाली साडी बदलतच रिटायर झाली. आता पुढचा संप जवळ आलाय. सरचिटणीस परत मला ताई म्हणायला लागलेत.

या वेळी मी बाकीच्या बायकांना म्हटलं, आपला कागद वेगळा काढू. दोघीच तयार झाल्या. इतरांना नोकरीची भीती वाटते, पदरात पोरं आहेत, त्यांना काय बोलू? आम्हा तिघींना कुणी विचारेल असं मला वाटत नाही. बहुतेक आम्हालाच कामावरून घालवतील.

तरी कागद लिहिलाय. माझ्या अक्षरात. त्यावर एकच मागणी आहे, कडीची खोली आणि नळ. बाकी सगळ्यांचं सगळं मान्य झालं, ढोल वाजले, तरी त्या दिवशी मी झाडू उचलणार नाही. सोडायला दुसरी मागणी मी लिहिलेलीच नाही.