घोड्याच्या अंगातला पुरावा

ती घटना आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून सगळं पाहिलं. पण थक्क होऊन नुसता उभा राहिलो असा प्रसंग एकच, आणि तो एका घोड्याचा. संबंधितांची नावं देत नाही. त्यांतली बरीच माणसं अजून कल्याण परिसरातच राहतात.

सकाळी फोन आला की ठाकुर्लीजवळच्या मैदानात एक पांढरा घोडा उभा आहे, छातीला जखम आहे आणि तो तापाने थरथरतोय. आम्ही त्याला टेम्पोतून पोलीस स्टेशनच्या आवारात आणलं, पंचनामा केला. कागदोपत्री तो मुद्देमाल झाला. थोड्या वेळाने आमचे हवालदार आत आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, मुद्देमालाने मुद्देमालाच्या खोलीपुढे लीद टाकलीय. पंचनाम्यात घेऊ का?"

जनावरांच्या सरकारी डॉक्टरांनी जखम पाहिली आणि ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. तिकडे रवाना करण्याआधी मी घोडा नीट पाहून घेतला. सगळे म्हणत होते, वरातीचा असणार. पण त्याच्या मानेवर केस घासून गेले होते आणि कातडी निबर झाली होती. खोगिराने तिथे घट्टा पडत नाही. तो जुवाचा घट्टा होता. मी मूळचा घाटावरचा. घोडा आणि बैल एकाच जुवाला जुंपून पळवण्याच्या शर्यती लहानपणी पाहिलेल्या. आता त्यांना बंदी आहे.

मोहने गावातला एक दूधवाला आमचा जुना खबरी होता. त्याला विचारताच तो बोलला, "रविवारी नदीकडच्या माळावर पळवले ना साहेब. गाडी बांधावर आदळली." गाडी हाकणाऱ्याचं नावही त्याने सांगितलं. "फक्त मला मध्ये घेऊ नका. त्याच्या गोठ्याशेजारीच माझ्या म्हशी असतात."

गाडीवान चाळिशीचा, काटक माणूस. त्याला ताब्यात घेतलं.

"घोरा माझा नाय, साहेब."

"आणि गाडी?"

"गारी बी नाय."

"रविवारी कुठे होतास?"

"बायकोचे माहेरी."

हवालदार म्हणाले, "वहिनींना फोन केला होता मी. त्या म्हणतात, माहेरी मी एकटीच गेलेले."

त्याने मान खाली घातली.

इतक्यात ठाण्याच्या रुग्णालयातून तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "साहेब, जखम वरून मिटत आलीय, पण आत काहीतरी अडकलंय. एक्स-रेत दिसत नाही, म्हणजे लोखंड नसावं. सोनोग्राफीला खांद्याचं हाड आड येतं. उद्या ऑपरेशन केलंच पाहिजे, नाहीतर पू रक्तात जाईल. पण काय आहे आणि कुठल्या दिशेने गेलंय हे माहीत नसेल, तर मी अंदाजाने कापत जाणार. भूल लांबली तर स्वतःच्याच वजनाने घोड्याचे स्नायू दबतात. मग तो उठत नाही."

मी फोन ठेवला आणि त्या माणसासमोर खुर्ची ओढून बसलो. "आता मी गुन्ह्याचं विचारत नाही. घोड्याच्या अंगात काय घुसलंय, तेवढं सांग. पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात चालत नाही."

मला इथे थांबता आलं असतं. हवालदारांनाही वाटलं, साहेबांनी बरोबर गळ टाकला. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ज्या शिक्षणाने मला ती खुर्ची दिली, ते अर्धंच सांगून वापरणं मनाला पटेना.

"पण तुझ्या सांगण्यावरून जी वस्तू सापडेल, ती कोर्टात चालते. ती तुझ्याविरुद्ध जाईल. आणि घोडाही बहुतेक परत मिळणार नाही."

हवालदारांनी कपाळाला हात लावला.

गाडीवानाने विचारलं, "नाय सांगितला तर?"

"तर बाई चाचपडत कापतील. वाचला तर वाचला."

तो उठला. सरळ हवालदारांपाशी गेला आणि त्यांच्या छातीवर बोट टेकवलं. "लाकूर हाय साहेब. गारीचा दांडा मोरला न् हितून घुसला. असा, वरती, खांद्याचे फऱ्याचे मागं. मी उपसला, पन टोक आतच ऱ्हायला. वीतभर असंल." हवालदार पुतळ्यासारखे उभे होते.

मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि त्याच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंचांबरोबर त्यालाही ठाण्याला नेलं. एवढं धिप्पाड जनावर भुलेखाली जाताना मी प्रथमच पाहत होतो. आधी गुडघे मऊ झाले, मग मांडव उतरवावा तसा तो सावकाश खाली आला. गाडीवानाने सांगितलेल्या दिशेनेच बाईंनी वाट धरली. चिमट्यात धरून त्यांनी ओढलं आणि पू-रक्ताने माखलेलं लाकूड बाहेर आलं. वीतभराहून मोठंच होतं.

"घ्या, तुमचा पुरावा," त्या म्हणाल्या. "पण खरी परीक्षा पुढेच आहे."

गाद्या लावलेल्या खोलीत घोडा एकटा पडला होता. आम्ही बारीक खिडकीतून पाहत होतो. त्याने मान उचलली, धडपडला, कोसळला. पुन्हा धडपडला, पुन्हा कोसळला. माझ्या शेजारी तो माणूस पुटपुटत होता, "ऊठ रं बाला, ऊठ." त्याचा दंड हवालदारांनी पकडला होता, पण आता कोण कुणाला धरून उभं होतं, सांगता येत नव्हतं. मग घोड्याने पुढचे पाय रोवले आणि जमिनीतून डोंगर वर यावा तसा तो उठला. पाय लटपटत होते, घामाने अंग चमकत होतं, पण तो उभा होता.

घोडा पुढे प्राण्यांच्या आश्रयगृहात गेला. गाडीवानाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली.

माणसाच्या सगळ्या वाटा बंद केल्या की तो खरं बोलतो, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या माणसाला तर गप्प राहण्याची वाट मीच दाखवली होती, आणि ती मोकळी असताना तो बोलला. त्याने घोड्याला बेकायदा जुंपलं, जखमी केलं आणि मैदानात सोडून दिलं. घोडा जगला तोही त्याच्यामुळेच. दोषारोपपत्रात पहिलं सगळं मी सविस्तर लिहिलं. दुसऱ्याला तिथे जागा नव्हती, म्हणून ते इथे लिहिलं.