सत्यभामाबाईंनी पाहिलेले कराटे क्लास

सत्यभामाबाई वडवणीच्या, एसटीत कंडक्टर. भरल्या गाडीत कुणाचा हात कुठं चाललाय, हे त्यांना मान न वळवता कळायचं. अन् तोंड असं, की पिऊन चढलेला गडीसुद्धा मुकाट तिकीट काढायचा.

त्यांची भाची तेजश्री. तिला परळीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिचा बाप, म्हणजे बाईंचा भाऊ राधाकिशन, अडून बसला. "संध्याकाळच्या गाडीनं एकटी येणार पोरगी? कसले कसले लोक असतेत! आधी स्वतःला सांभाळायला शिकू दे, मग पास काढू." चांगला कराटे क्लास शोधायचं काम अर्थातच बहिणीच्या गळ्यात पडलं.

पहिल्या क्लासात पोरी गाण्यावर लाथा उडवत होत्या. "गॅदरिंग हाय का हे?" म्हणत बाई उठल्या. दुसरीकडचे सर छातीभर बिल्ले लावून हिंडत होते. म्हणाले, "धरा मला, कसा सुटतो बघा." बाईंनी दंड धरला. सर जागच्या जागी वळवळले अन् घाम पुसत म्हणाले, "असं न्हाई मॅडम, मनगट धरायचं. उजव्या हातानं. अन् जरा हळू."

"बरं. गाडीतल्या मवाल्यांनाबी तसं सांगून ठेवते," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. काय एकेक नग जमलेत, बाप रे!

तिसरे अजिनाथ सर. हा माणूस बढाया मारत नव्हता आणि पोरींना खरोखर जोर लावून धरायला लावायचा. दिवाळीपर्यंत तेजश्री अशी तयार झाली, की बाईंनी दोन्ही हातांनी धरलेलं मनगट तिनं एका हिसड्यात सोडवलं. बाईंचा अंगठा मुरगळला, तरी त्या गल्लीभर कौतुक सांगत सुटल्या. राधाकिशनही विरघळला; "बक्षीस घेऊन येऊ दे, मग पास काढू," म्हणाला.

मग क्लासचा बक्षीस समारंभ आला. पाहुणे सुंदरराव, गावचे पुढारी. पोरी सकाळपासून स्वागताला हॉलबाहेर उन्हात उभ्या, अन् साहेब दुपारी उगवले. "आमच्या लेकी वाघिणी हायत," वगैरे बडबडले. तेजश्रीचं नाव पुकारलं, तसा बाईंशेजारी बसलेला राधाकिशन टाळ्या वाजवू लागला. फोटोसाठी साहेबांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. तो घसरत कमरेवर आला आणि तिथंच राहिला. पोरगी ताठरली. तिनं अजिनाथ सरांकडं पाहिलं. सरांनी हळूच नकारार्थी मान हलवली आणि हसायची खूण केली. ती हसली.

"सुंदरराव, हात काढा!" माईक नसताना बाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हात झटक्यात निघाला. अजिनाथ सर धावत आले. "मॅडम, अहो, पाहुणे हायत. क्लासचा हॉल त्यांचाच हाय."

"थू तुमच्या क्लासवर!" म्हणत बाईंनी भाचीला स्टेजवरून खाली ओढलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला तर सुटता येत होतं. कावून गप बसलीस?"

"सरांनी न्हाई म्हणलं, आत्या."

"बरोबरच केलं सरांनी," राधाकिशन पुटपुटला. "मोठी माणसं हायत ती. त्यांचा उगं अपमान केलास तू."

बाईंनी भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इतकी किळस त्यांना कधी दारुड्याचीही आली नव्हती.

"गाडीतल्या लोकांची भीती घालून पोरीला घरात कोंडत होतास. तिला धरणारा गाडीत न्हवता बे, स्टेजवर होता. अन् तू टाळ्या वाजवत होतास. उद्या तिचा पास मी काढते."