ममीची उशी

संग्रहालयाच्या तळघरात सुतारकाम करणाऱ्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. एकतीस वर्षं त्याचं काम एकच होतं: वस्तू दिसावी, तिला धरून ठेवणारं काही दिसू नये. इजिप्तच्या थडग्यांतून आलेल्या वीतभर निळ्या बाहुल्या, दगडी भुंगे, एक लाकडी मांजर, सगळ्यांना त्याने बारीक पितळी तारांनी उभं केलं होतं.

"आपलं काम नीट झालं की कुणाला दिसतच नाही," तो बायकोला सांगायचा.

"घरकामाचंही तेच आहे," ती म्हणायची.

निवृत्तीला सात महिने उरले होते. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. आणि नेमकं तेव्हाच इजिप्तचं दालन नव्याने मांडायचं निघालं. दिवसातून दहा वेळा जिना चढता-उतरता त्याच्या नाकी नऊ येत.

दालनाच्या नव्या प्रमुख बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ठरवलं, ममी आता मधोमध झगझगीत दिव्याखाली नको. शेजारच्या लहान खोलीत, मंद उजेडात ठेवायची, हनुवटीपर्यंत कापड घालून. दाराशी पाटी लावायची: आत एका मृत स्त्रीचा देह आहे, बघायचं की नाही तुम्ही ठरवा.

काचेची पेटी उघडली तेव्हा मिस्त्रीने आधी मानेखालचा लाकडी ठोकळा बघितला. तो त्यानेच तासला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "लोक काय चिंध्या बघायला येतात? डोकं वर घ्या, तोंड दिसू दे." त्याने ठोकळा सरकवला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. साहेब फोनवर बोलत होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पेटी बंद केली.

बाईंनी मानेवर बॅटरी धरली. "ही चीर जुनी दिसते. खोदकामातच पडली असणार," म्हणत त्या लिहायला लागल्या.

मिस्त्री गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण गप्प बसायलाही अंगात बळ लागतं, आणि ते आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"बाई, ते खोदकामात नाही झालं. माझ्या हातून झालंय."

त्यांनी पेन थांबवलं. तो सगळं सांगून मोकळा झाला.

"तेव्हा का नाही बोललात?"

"नवा होतो. नोकरीची भीती होती."

"आणि नंतर?"

"नंतर कुणी विचारलं नाही. मग अंगवळणी पडलं."

 बाईंनी आधीची ओळ खोडली. "हे वर कळवावं लागेल मला."

"कळवा."

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. "एवढी वर्षं पोटात ठेवलंत? मला तरी सांगायचं."

"तू जाऊन कबूल करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं," ती म्हणाली, आणि गुडघ्याला लावायचा मलम त्याच्यापुढे सरकवला.

नवा आधार करायला त्याला पंधरा दिवस लागले. फोम घासून घासून पाठीच्या वळणाला बसवला, त्यावर धुतलेलं सुती कापड ताणलं. मानेखाली उंची अशी ठेवलीच नाही. चौघांनी मिळून देह उचलला. तो खाली टेकेपर्यंत मिस्त्रीने श्वास रोखून धरला होता. कसलाही आवाज आला नाही. डोकं एकतीस वर्षांनी पुन्हा अंगाच्या सरळ रेषेत आलं.

दालन उघडलं त्या दिवशी एक गृहस्थ पहारेकऱ्यावर करवादले, "एवढ्या लांबून आलो, आणि धड चेहराही दिसत नाही?" मिस्त्री दाराशीच उभा होता.

आठवड्याने कार्यालयातून लेखी समज आली: यापुढे वस्तू हाताळताना दक्षता घ्यावी. त्याने सही करून कागद घेतला आणि तिथेच गुडघ्यांसाठी चार दिवसांची रजा मागितली. दोन दिवसांची मिळाली.