काठीचं माप

आईला घेऊन तिचं कानाचं मशीन घ्यायला नाशिकला, वृद्धांना साधनं वाटणाऱ्या सरकारी मंडपात गेलो होतो. शेजारी वणीकडची एक म्हातारी बसली होती. तिचं नाव मी विचारलं नाही. सून आणि रिक्षावाल्यानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत आणलं होतं. ती सारखी लुगडं खाली ओढून पाय झाकत होती.

वृद्धांना काय लागतं याची तपासणी दीड वर्षापूर्वी झाली होती. वाटप मात्र प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत थांबलं होतं. तपासणीत तिला काठी मंजूर झाली होती, म्हणून काठीच मिळाली.

सून यादी घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, आता यांना चाकाची खुर्ची लागते."

"यादीत काठी आहे. खुर्चीसाठी पुन्हा तपासणीला आणा."

"मापं घेतली तवा मी चालत व्हते," म्हातारी म्हणाली. आवाज जराही चढला नाही. फोटोसाठी तिला काठी उभी धरायला लावली, तीही तिनं निमूटपणे धरली. फोटोत ती आता उठेल असंच वाटलं असेल.

मग काठी मांडीवर आडवी ठेवून तिनं साहेबांना जवळ बोलावलं.

"बाबा, पुढल्या खेपेला मला जे लागंल त्याचं माप आत्ताच घेऊन ठेव. दोन बांबू आन् सुतळी. बांबू लय लांब नको, मी ठेंगणी हाय."

साहेबांनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. ते माझ्या आईचं होतं. आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला ते बरं वाटलं.