हिरव्या रेघेवरचं कुंकू

आधीच सांगून टाकतो मंडळी... भुतंखेतं, संकेत, भास असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी भीक घातली नाही. आमच्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीच्या कागदांवर सह्या, मी अमावस्येला केलंय, बायको आठ दिवस धड बोलत नव्हती. मांजर आडवं गेलं तर मीही गाडी थांबवतो, पण मांजर मरू नये म्हणून! तेव्हा हे वाचून 'काका, जरा झोप पूर्ण करा' अशी कॉमेंट टाकायची असेल तर खुशाल टाका. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच केलं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं शिरोलीला छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिल. गेली एकोणीस वर्षं मी मिशिगनमध्ये, नोव्हायला. काम गाड्यांच्या सायलेन्सरचं, म्हणजे इंजिनातून धूर कसा बाहेर पडावा आणि पडताना आवाज कसा यावा, एवढंच मला कळतं. बायको सुजाता आयटीत, मुलगी रेवा सतरा वर्षांची. आणि निलेश.

निलेश नागपूरचा. आम्ही एकाच वर्षी आलो, पहिली दोन वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहिलो, एका पातेल्यात खिचडी खाल्ली. रेवा झाली तेव्हा हॉस्पिटलमध्ये माझ्या आधी तो पोचला होता. सख्खा भाऊ असता तरी याहून जास्त काय केलं असतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. अगदी आता आतापर्यंत सांगायचो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एका शेतकऱ्याच्या कोठारातून एक जुनी मसल कार उचलली. पन्नासेक वर्षांची, आठ सिलिंडरची, गंजलेली, गडद हिरवी. निलेश अजून अपार्टमेंटमध्येच राहतो, त्याला गराज नाही, म्हणून गाडी माझ्याकडे. त्याचीही सगळी हत्यारं माझ्याकडेच. दर शनिवारी सकाळी आठला हजर... चहा, पोहे आणि ग्रीस!

मला तिला साइड पाइप लावायचे होते. धुराचे पाइप मागे न नेता दोन्ही दरवाज्यांखालून बाजूला काढायचे. त्याला टर्बो हवा होता. टर्बो म्हणजे त्याच गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जास्त हवा कोंबतो. माझं म्हणणं, टर्बोनं आवाज मरतो. त्याचं म्हणणं, "अबे, आवाज काय चाटतो का? पॉवर पाहिजे ना बे!" वर्षभर भांडून शेवटी दोन्ही लावायचं ठरलं. मग टर्बोमागून येणारा आवाज कसा राखायचा यासाठी मी त्या पाइपांच्या लांब्या किती वेळा बदलल्या ते सुजाताला विचारा. मला तो आवाज ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

कामाचा एक नियम होता, माझ्या ऑफिसातला आणि वडिलांच्याही शॉपमधला. एकानं नट टॉर्क रेंचनं नीट मापात कसायचा आणि त्यावर पेंट पेननं पांढरी रेघ मारायची. दुसऱ्यानं तोच नट पुन्हा तपासायचा आणि हिरवी मारायची. पांढरी निलेशची, हिरवी माझी. दोन्ही रेघा असल्या की त्या नटाकडे परत बघायचंसुद्धा नाही. एवढा विश्वास!

आणि एक वचन होतं. दसऱ्याला सकाळी पूजा करून गाडी पहिल्यांदा चालू करायची, दोघांनी मिळून. रेवा ड्रायव्हरच्या सीटवर बसणार, कारण वर्षभर तिनंच आम्हाला पिडलं होतं, "फर्स्ट स्टार्ट इज माइन, निलेश काका. प्रॉमिस?" आणि निलेशनं प्रॉमिस केलं होतं.

त्या वर्षी दसरा शनिवारी होता, खंडेनवमी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी निलेश हत्यारं पुसायला आला. त्याच दिवशी टर्बोचं तांब्याचं गॅस्केट आणि वॉशर पार्सलनं आले होते, त्यामुळे शेवटचे पाचच जोड राहिले होते. चार नट टर्बोच्या फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या कडेचे, आणि पाचवा टर्बोला तेल नेणाऱ्या पाइपचा. माझा प्लँटबरोबर कॉल लागला, तो लांबला. म्हटलं राहू दे, शनिवारी पूजा झाली की करू, पाचच तर आहेत.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी सुजातानं वर्कबेंचवर लाल कापड घातलं. पाने, सॉकेट, टॉर्क रेंच सगळं ओळीनं मांडलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्यात एकदा खंडेनवमीला हत्यारं मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. मी देव फारसा मानत नाही, पण हे मानतो. वडिलांना बघत मोठा झालोय, तेवढं राहिलंय अंगात. मग आम्ही तिघं आपापल्या वाटेनं गेलो आणि संध्याकाळी पाचला परतलो.

शनिवारी सकाळी आंघोळ करून मी एकटा गराजमध्ये गेलो आणि बॉनेट उघडलं. टर्बोवर हीट शील्ड, म्हणजे पत्र्याचं झाकण, बसवलेलं होतं! फटीतून टॉर्च मारला तर आत पाचही जोड पूर्ण. त्यावर पांढरी रेघ. आणि शेजारी हिरवी... माझी.

मी निलेशला फोन लावला. "अरे, ते शेवटचे पाच कुणी केले?"

"कुणी म्हणजे? आपण! गुरुवारी. मी कसले, तू तुझ्या कॉलवर बोलता बोलता चेक केले. विसरला का बे?"

"मी? नाही रे..."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, काकांचं पण असंच सुरू झालं होतं ना? एकदा दाखवून घे डॉक्टरला. टेन्शन नको घेऊ, मी आहो ना."

माझ्या वडिलांना शेवटची चार वर्षं विस्मरण होतं. माझं नावही गेलं होतं त्यांच्या डोक्यातून. मला तसं होईल ही माझी भीती मी जगात दोघांनाच सांगितली होती, सुजाताला आणि निलेशला. फोन ठेवला आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. मला काही केल्या ते नट आठवेनात... आणि मी माझ्या डोक्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला, मंडळी. रेंच उचलून एकदा तपासावंसं वाटलं, पण रेंच पूजेत. सुजाताला तर काही बोललोच नाही.

साडेनऊला निलेश आला. पेढे, नवा कुर्ता, पुड्यात आपट्याची पानं. मला मिठी मारली, हातात पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" मीही दिलं. सुजातानं चाकांखाली लिंबं ठेवली. रेवा आत जाऊन बसली, चावी हातात. "रेडी, बाबा?"

मी गाडीला कुंकू लावायला बॉनेटपाशी वाकलो, आणि सवयीनं टॉर्च मारला.

त्या पाच जोडांवर कुंकू होतं.

तासापूर्वी नव्हतं. आता पाचही हिरव्या रेघांवर एकेक बोट, ओलं, तेलात कालवल्यासारखं. आजूबाजूचे चाळीसेक नट कोरडे, स्वच्छ. पाचांवरच! शील्ड आणि इंजिनमधल्या त्या फटीत माझं एक बोट कसंबसं जातं, आणि तेही एकाच नटापर्यंत. बाकीचे चार फक्त दिसतात. सुजाताकडे पाहिलं तर ती म्हणाली, "मी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही हो. आणि माझं कुंकू कोरडं आहे, हे बघा."

आता ऐका. आमच्या शॉपमध्ये वडील खंडेनवमीला कुंकू मशीन ऑइलमध्ये कालवायचे. पहिलं बोट लागायचं ते अर्धवट राहिलेल्या कामावर. कुणी चुकून चालू करू नये, आणि दसऱ्याला ते आधी आठवावं म्हणून. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सुजाताला नाही, निलेशला नाही. खरं तर मीच विसरून गेलो होतो.

मी फटीतून बोट घातलं आणि तो एक नट ढकलला. गरकन फिरला!

"रेवा, चावी टाक! उतर खाली!"

"बाबा, व्हॉट..."

"उतर म्हणतो ना!"

शील्डच्या क्लिपा हातानंच निघतात. काढल्या. पाचही नट नुसते हातानं फिरवलेले. तेलाच्या पाइपचाही. इंजिन चालू असताना तेल सुटलं असतं तर थेट तापलेल्या टर्बोवर, आणि पुढे काय झालं असतं ते मला लिहवत नाही. माझी पोर बसली होती आत.

मी वळलो. निलेशचा चेहरा पांढराफटक. खाली बसलो, डाव्या साइड पाइपात बोट घातलं आणि बाहेर काढलं. काळं. इतके दिवस मी पुसून ठेवलेल्या, एकदाही न चाललेल्या पाइपात काजळी.

"कधी चालू केलीस?"

सगळं बाहेर आलं मग. एका कस्टम गाड्यांच्या दुकानवाल्याला पार्टनर हवा होता. निलेश त्याला वर्षभर ही गाडी दाखवत होता, 'माय बिल्ड' म्हणून. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ हवा होता. दुपारी आम्ही घरी नाही हे त्याला माहीत, गराजचा कोड त्याला माहीत. आला, गॅस्केट बसवलं, नट हातानं फिरवले, दोन मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवून व्हिडिओ काढला. गळलेलं तेल पुसलं. मग आधी पांढरी रेघ मारली आणि माझ्या ड्रॉवरमधून माझं पेन काढून हिरवी.

"रेंच का नाही वापरलास?"

"पूजेत होता ना भाऊ," तो रडत म्हणाला. "त्याले कसा हात लावू? पूजा मोडली असती... अन् तुले कळलं असतं."

आता बोला! पूजेतल्या पान्याला हात लावायला भ्यायला. माझी खोटी रेघ मारताना भ्यायला नाही, माझ्या पोरीला आत बसलेली बघूनही गप्प राहिला. म्हणे, "दोन मिनिटांत काही होत नाही, कालही झालं नव्हतं." आणि माझ्या बापाचा आजार काढून मलाच वेडा ठरवायला निघाला होता. मी त्याला बाहेर काढलं. शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या.

मी इंजिनिअर माणूस, नंतर सगळं तपासलं. गराजच्या दाराच्या अॅपमध्ये शुक्रवारी एक दहाला दार उघडल्याची नोंद आहे, एक पन्नासला बंद, मग पाचला आम्ही. शनिवारी सकाळी मी फोन ठेवल्यापासून निलेश येईपर्यंत गराजच्या स्टुलावरच बसून होतो. आत कुणी आलं नाही. आल्यावर निलेशही बॉनेटकडे फिरकला नव्हता, आणि स्वतःची चोरी तो कशाला दाखवेल? ते कुंकू मी कापसावर टिपून ठेवलंय. वास मशीन ऑइलचा येतो, तसलं तेल माझ्या गराजमध्ये नाही. डॉक्टरकडेही जाऊन आलो. स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

वडील आले होते का? मला नाही माहीत. मी अजूनही मानत नाही असल्या गोष्टी. पण दुसरं कुठलं कारण सांगा म्हणाल, तर माझ्याकडे नाही.

निलेशचा व्हिडिओ अजून आहे, खूप लोकांनी पाहिलाय म्हणे. रेवानं फोन पुढे केला होता, "बाबा, इट साउंड्स सो गुड, जस्ट लिसन." मी तिला आवाज बंद करायला लावला आणि नुसतंच पाहिलं. पाइप थरथरताना दिसतात, मागे आमची पूजा दिसते, झेंडू दिसतात, आणि निलेश हसतोय. परक्या लोकांनी ऐकलेला तो आवाज मी आजपर्यंत ऐकलेला नाही.

त्या दुपारी पूजा उतरवून मी ते पाच नट रेंचनं मापात कसले. त्याचं पेन घेतलं आणि पांढरी रेघ मारली. हिरवी मारायला दुसरा माणूस लागतो. रेवा म्हणाली, "आय कॅन चेक देम, बाबा. मला शिकव." पोटची पोर, तिच्या हातात रेंच द्यायला काय हरकत होती?

मी रेंच कपाटात ठेवून दिला. गाडी अजून तिथंच उभी आहे, पाच नटांवर एकेकच रेघ आहे.