रस्त्याखालची मोटार

धरणगावहून जळगावला जाणाऱ्या अकराच्या बसमध्ये एक आबा रोज माझ्या शेजारी बसायचे. पांढरी टोपी, मांडीवर मोबाईल. नव्या रस्त्याचा उतार लागला की ते एक नंबर लावायचे, एक बटण दाबायचे आणि पलीकडचं बोलणं ऐकून मान डोलवायचे.

एकदा त्यांनी फोन माझ्याच कानाला लावला. "मोटार बंद झाली आहे," रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली. विहिरीवरची मोटार घरबसल्या फोनने चालू-बंद करणारी पेटी आमच्याकडे शेतोशेती असते, त्यामुळे मला काहीच नवल वाटलं नाही.

"सोय झाली, आबा. शेत कुठंय?"

त्यांनी बसच्या तळाकडे बोट दाखवलं. "आठेच, खाले शे. इहीर बुजी टाकी, वर सडक करी. मोटार, पेटी, बठ्ठं खालेच राही गयं. रातले आपोआप चालू व्हस."

"विहीरच बुजवली, मग तुम्ही मोटार बंद कशाला करता?"

"बंद नही करी ते सडक खची जाई, भाऊ."

म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं.

परवापासून आबा बसमध्ये दिसले नाहीत. आज उतार लागला तेव्हा ऊन मी म्हणत होतं, आणि रस्ता तेवढ्याच जागी ओला होता.